गेला तसा परत येणारा बाण

हातमागावरचा धोटा एकदा तरी हातात घेऊन पाहावा. गुळगुळीत लाकूड, दोन्ही टोकं निमुळती, मधे खोबण. खोबणीत सुताची कांडी आणि बाजूच्या बारीक भोकातून बाहेर येणारा धागा. यालाच इंग्रजीत शटल म्हणतात.

जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या पूर्वजाचा अर्थ होता बाण, फेकून मारायचं शस्त्र. 'शूट' त्याच धातूतून आला, आणि दार लावणं या अर्थाचा 'शट'सुद्धा, कारण दार लावताना अडसर सरकवायचा असे. ताणलेल्या उभ्या धाग्यांमधून सुळकन जाणारा धोटा इंग्रजांना बाणासारखा वाटला. फ्रेंचांना मात्र त्याच्या आकारात होडी दिसली. त्यांच्या 'नाव्हेत' या शब्दाचा मूळ अर्थच छोटी नाव. जर्मनांनाही होडीच दिसली.

मला यातली खरी गंमत वाटते ती पुढे. सुटलेला बाण परत येत नाही, धोटा येतो. इकडून तिकडे, तिकडून इकडे, दिवसभर. शब्दात बाण होता, पण विणकराच्या हातात त्याला येरझाऱ्यांचा अर्थ चिकटला आणि पुढे तोच टिकला. म्हणून दोन गावांमध्ये ये-जा करणारी गाडी शटल झाली. जाळीवरून ये-जा करणारं, आपण ज्याला फूल म्हणतो ते पिसांचं बॅडमिंटनचं फूलही शटल झालं. १२ एप्रिल १९८१ रोजी 'कोलंबिया' अवकाशात झेपावलं, दोन दिवसांनी धावपट्टीवर उतरलं आणि नोव्हेंबरमध्ये तेच यान पुन्हा वर गेलं. स्पेस शटल हे नाव त्याला शोभलं ते या परतण्यामुळे.

खुद्द मागावर मात्र धोट्याचे दिवस सरत आले आहेत. १७३३ मध्ये जॉन के या इंग्रजाने दोरीच्या हिसक्याने धावणारा धोटा काढला आणि रुंद कापडासाठी दुसऱ्या विणकराची गरज उरली नाही. पण दर फेरीला एवढं लाकूड पळवायचं आणि पुन्हा थांबवायचं, यात ताकद जाते, वेग अडतो. म्हणून इचलकरंजीत आता धोट्याविना चालणारे मागही आहेत. त्यांतल्या काहींवर तर नुसत्या हवेच्या झोताने आडवा धागा पलीकडे जातो.

फरक कापडाच्या काठावर दिसतो. धोट्याच्या कापडात आडवा धागा काठाशी वळून परत फिरलेला असतो. बिनधोट्याच्या बहुतेक कापडांत तो तिथेच कापलेला असतो आणि काठावर त्याची बारीक झालर दिसते.