सीडी-४ची मोजणी: रंग जोडलेल्या प्रतिपिंडाची पार्श्वभूमी

बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सीन डेपोचे नाव सर्वांच्या तोंडी असले, तरी बेळगावात देवीची लस तयार होत असे आणि देवी निर्मूलनाच्या मोहिमेत ही लस बनवणाऱ्या देशातील चार संस्थांपैकी एक इथली होती, हे आता फारसे कुणी सांगत नाही. टोचलेल्या जागी फोड आला की लस ‘लागली’, एवढाच त्या काळी प्रतिकारशक्तीचा डोळ्यांना दिसणारा पुरावा होता. रक्तातल्या कोणत्या पेशी कामाला लागल्या, त्या किती आहेत, हे मोजण्याचे साधन दवाखान्यांपर्यंत पोहोचायला बरीच वर्षे जावी लागली. एचआयव्हीच्या रुग्णांच्या रक्तातील सीडी-४ पेशींची मोजणी याच साधनाने होते, आणि त्याची गोष्ट रंग जोडलेल्या प्रतिपिंडापासून सुरू होते.

त्या साधनाचा पहिला धागा हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांच्याकडे जातो. प्रतिपिंड, म्हणजे शरीराने बाहेरच्या घटकाविरुद्ध बनवलेले प्रथिन, आपले लक्ष्य अचूक शोधतो, पण तो स्वतः दिसत नाही. मग त्यालाच चमकणारा रंग जोडला तर, असा त्यांचा विचार होता. १९४१ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूमोकोकस जिवाणूंविरुद्धच्या प्रतिपिंडाला असा रंग जोडून दाखवला. तो रंग निळा चमकत असे आणि ऊतींची स्वतःची चमकही निळसरच असल्यामुळे दोन्हींतला फरक ओळखणे अवघड जाई, म्हणून पुढे हिरवे चमकणारे फ्लुओरेसीन वापरात आले, ते आजतागायत टिकून आहे.

यंत्राची वाट निराळी होती. १९६५ साली लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत मॅक फुलवायलर यांनी द्रवाच्या थेंबांना विद्युतभार देऊन पेशी वेगळ्या काढणारे यंत्र बनवले. थेंबांची ही युक्ती शाई उडवून छापणाऱ्या यंत्रांवरील कामातून आलेली होती. स्टॅनफर्डच्या लिओनार्ड हर्झेनबर्ग यांच्या गटाने तिला प्रतिदीप्तीची, म्हणजे किरण पडताच रंग चमकण्याची, जोड दिली आणि १९७२पर्यंत लेझर वापरणारे यंत्र उभे केले. दर्शनाच्या रांगेतल्यासारखी एकेक पेशी किरणापुढून जाते आणि तिच्यावरचा रंग चमकला की त्याची नोंद होते, हे या यंत्राचे, म्हणजेच फ्लो सायटोमेट्रीचे, सार.

तरीही अडचण उरलीच होती. जनावराच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांत अनेक प्रकारांची सरमिसळ असे, एक साठा संपला की दुसरा तंतोतंत तसाच मिळत नसे, आणि त्यामुळे एका प्रयोगशाळेचे आकडे दुसरीशी ताडून पाहणे कठीण जाई. केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी १९७५ साली उंदराच्या प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीचा आणि सतत वाढत राहणाऱ्या कर्कपेशीचा संकर करून यावर मार्ग काढला: एकाच पेशीची संतती, एकाच साच्याचा प्रतिपिंड, हवा तितका. या शोधाचे पेटंट घेतले गेले नाही; १९८४चे नोबेल पारितोषिक मात्र दोघांना, नील्स येर्ने यांच्यासह, मिळाले. माझ्या मते या साऱ्या कथेतला निर्णायक टप्पा हाच आहे, कारण रंग आणि यंत्र दोन्ही आधीपासून हाताशी असूनही भरवशाची मोजणी यानंतरच शक्य झाली.

पुढची चक्रे वेगाने फिरली. टी-पेशींचे (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचे) प्रकार ओळखणारे प्रतिपिंड १९७९च्या सुमारास उपलब्ध झाले, आणि जो तो गट आपापले नाव देऊ लागल्याने माजलेला गोंधळ १९८२च्या पॅरिस परिषदेत पेशींवरील प्रथिनांना दिलेल्या ‘सीडी’ क्रमांकांनी मिटवण्यात आला. त्याच वर्षी नारिंगी चमकणारे, लाल शैवालांतून मिळणारे फायकोएरिथ्रिन आल्याने एकाच लेझरखाली दोन प्रथिने एकदम पाहता येऊ लागली. १९८१ साली लॉस एंजेलिसमध्ये आढळलेल्या पहिल्या एड्स रुग्णांच्या साहाय्यक टी-पेशी कमालीच्या घटलेल्या दिसल्या, त्या टी-पेशी ओळखणाऱ्या याच प्रतिपिंडांमुळे. आणि एड्सचा विषाणू, एचआयव्ही, पेशीत शिरताना साहाय्यक टी-पेशींवरच्या सीडी-४ याच प्रथिनाला धरतो, हे १९८४ साली स्पष्ट झाले.

सीमाभागाशी या इतिहासाचा संबंध इथे जुळतो. कर्नाटकात एचआयव्हीचे प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांत बेळगाव आणि बागलकोट यांची गणना बरीच वर्षे होत आली. एप्रिल २००४पासून देशात मोफत औषधोपचार सुरू झाले तेव्हा ते कुणाला आधी द्यायचे, हे ठरवण्याचा मुख्य आधार सीडी-४चा, म्हणजे हे प्रथिन असलेल्या साहाय्यक टी-पेशींचा, आकडा होता. निरोगी माणसात तो एका मायक्रोलिटर रक्तात साधारण ५०० ते १५०० असतो. २००च्या खाली गेला की संधिसाधू, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी झाली की डोके वर काढणाऱ्या, संसर्गांचा धोका फार वाढतो. त्यामुळे खानापूर, चिकोडी, निपाणीकडच्या ज्या घरांत हा आजार शिरला, तिथे ‘सीडी-फोर किती आला?’ हा प्रश्न ओळखीचा झाला.

तपासणी दिसायला साधी असते. जांभळ्या टोपणाच्या नळीतले थोडे रक्त आणि मोजून घेतलेला प्रतिपिंड एकत्र करून मिश्रण पंधरा-वीस मिनिटे अंधारात ठेवतात, तांबड्या पेशी विरघळवतात आणि उरलेल्या पेशी यंत्रात सोडतात. प्रतिपिंडाची कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसला, उजेडापासून दूर ठेवावी लागते, पण गोठवून चालत नाही. फायकोएरिथ्रिन गोठले की निकामी होते. म्हणूनच वीज आणि शीतपेटी यांचा प्रश्न जिल्ह्याच्या ठिकाणी रसायनशास्त्राइतकाच महत्त्वाचा ठरतो.

२०१७पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आल्याने औषध कधी सुरू करायचे हे या आकड्यावर अवलंबून राहिले नाही आणि उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी विषाणूंची थेट मोजणी पुढे आली. आजार किती बळावला आहे हे समजण्यासाठी सीडी-४ आजही पाहतात. फ्लो सायटोमेट्रीचा मोठा वापर आता रक्ताच्या कर्करोगाच्या निदानात होतो, जिथे सीडी-१९, सीडी-३४, सीडी-४५ अशा अनेक खुणा निरनिराळ्या रंगांत एकाच नळीत तपासल्या जातात.