निळी चिंधी

पुतण्या टेक्सासात असतो, ह्यूस्टनपासून तासाभराच्या अंतरावर. गेल्या खेपेला एका रविवारी सकाळी तो मला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेला आणि दुपारी घरी आल्यावर गॅरेजमध्ये रायफल साफ करायला बसला. बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दट्ट्या, काढून बाजूला ठेवला, नळीतून आरपार उजेड दिसतोय ना ते डोळा लावून पाहिलं, आणि रायफल लाकडी स्टँडवर आडवी ठेवली, पुढचं तोंड जरा खाली कललेलं. मग दाढीच्या फेसाचा असतो तसा एक डबा उचलला, त्याला बारीक नळकांडं लावलं आणि मागच्या बाजूने फुस्स केलं. क्षणभरात पुढच्या तोंडातून पांढऱ्या फेसाचा गोळा डोकावला.

"काका, आता अर्धा तास काही करायचं नाही. चहा टाकतो."

चहा झाल्यावर त्याने गजाच्या टोकाला सुती चिंधी लावून ती नळीतून ढकलली. आत जाताना पांढरीशुभ्र होती, बाहेर पडली ती दौतीत बुडवल्यासारखी निळी. तो रंग मी कॉलेजात तीस वर्षं मुलांना परीक्षानळीत दाखवला होता. बंदुकीच्या तोंडातून बाहेर येताना पहिल्यांदाच पाहत होतो.

निळं म्हणजे तांबं. पण पोलादी नळीत तांबं आलं कुठून?

रायफलची नळी आतून गुळगुळीत नसते. तिच्यात पिळाचे आटे पाडलेले असतात, म्हणून गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहते. पुतण्याची रायफल थर्टी-ओ-सिक्स, म्हणजे नळीचा व्यास 7.62 मिलिमीटर. गोळी मात्र 7.82 मिलिमीटरची. नळीपेक्षा जाड गोळी आत जाणार कशी, तर तिच्या अंगात आटे रुततात आणि ती स्वतःला कोरून घेत पुढे सरकते. पिळाचा एक फेरा सुमारे 25 सेंटिमीटरांत पुरा होतो. सेकंदाला साडेआठशे मीटर वेगाने सुटलेली गोळी त्या हिशेबाने मिनिटाला दोन लाख फेरे घेत असते. मागून रेटणाऱ्या वायूचा दाब वातावरणाच्या चार हजार पट जातो, आणि तापमान पोलाद वितळतं त्याच्याही वर. पोलाद वितळत नाही ते केवळ हा सगळा प्रकार एक-दोन मिलिसेकंदांत आटोपतो म्हणून.

अशा रगड्यात नुसतं शिसं टिकत नाही. बंदुकीच्या दारूचा जोर आणि गोळीचा वेग वाढत गेला, तेव्हा शिसं नळीला फासलं जायला लागलं. त्यावर स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने 1880च्या दशकात शिशावर तांब्याचं कवच चढवलं. आज हे कवच बहुतेक वेळा पंचाण्णव टक्के तांबं आणि पाच टक्के जस्त अशा मिश्रधातूचं असतं. ते शिशापेक्षा कणखर, पण पोलादापेक्षा मऊ, म्हणून नळीवर थोडं थोडं पुसलं जातंच. वर दारूची काजळी, त्यावर पुन्हा तांबं, पुन्हा काजळी असे थर बसत जातात. थर मायक्रोमीटरांचे असले, तरी शंभर यार्डांवरच्या नेमाला तेवढे पुरतात.

तांबं काढणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चिंच येते. घागर काळी पडली की चिंच-मीठ लावून घासायची. पण चिंच काय करते? तिच्यातलं आम्ल तांब्यावरचा ऑक्साइडचा काळा थर विरघळवतं आणि खालचं लखलखीत तांबं जसंच्या तसं सोडून देतं. म्हणून तर घागर वर्षानुवर्षं टिकते. इथे काम नेमकं उलटं आहे. तांबं धातू म्हणूनच उखडायचं आहे आणि खालचं पोलाद ठेवायचं आहे. आम्ल या कामाचं नाही. लोखंडी कढईत चिंचेची आमटी केली की ती काळी पडते हे स्वयंपाकघरात सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणजे आम्ल आधी लोखंड खाणार आणि तांब्याला हात लावणार नाही.

म्हणून पक्ष बदलायचा: आम्ल सोडून अल्क, चिंच सोडून अमोनिया. हा वासही आपल्या जुन्या ओळखीचा आहे. कल्हईवाला तापल्या पातेल्यात नवसागर टाकतो आणि पांढरा धूर उठतो, तेव्हा नाकाला झोंबतो त्यात अमोनिया असतो. अमोनियाच्या रेणूत नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते आणि तांब्याच्या आयनाला, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूला, ती फार मानवते. आयन पृष्ठभाग सोडायचा अवकाश, चार अमोनिया रेणू त्याला गराडा घालून पाण्यात घेऊन जातात. तो गराडा म्हणजेच ती गडद निळाई. लोखंडाशी अमोनियाचं असं सूत जुळत नाही. शिवाय अल्कधर्मी द्रावणात लोखंड अंगावर पातळसा ऑक्साइड ओढून गप्प बसतं. त्यामुळे तांबं जातं, पोलाद राहतं.

यात आणखी एक पात्र आहे, आणि परीक्षेत मुलं हमखास तेच विसरायची. अमोनिया तांब्याला उचलून नेतो खरा, पण त्याआधी तांब्याकडून इलेक्ट्रॉन काढून घ्यायला कोणीतरी लागतं. ते काम हवेतला ऑक्सिजन करतो. मी वर्गात तांब्याच्या तारेचं वेटोळं अमोनियाच्या बाटलीत टाकून ठेवायचो. निळा रंग सुरू व्हायचा तो वरून, हवेच्या बाजूने. मग बूच घट्ट लावायचं. आतला ऑक्सिजन संपला की काही काळाने निळं द्रावण फिकं होत होत पाण्यासारखं रंगहीन व्हायचं, कारण उरलेलं तांबंच निळ्या आयनांना इलेक्ट्रॉन परत देऊन त्यांचं रंगहीन रूप करतं. बूच उघडलं, हलवलं, की पुन्हा निळं. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून बघायची.

आता नळीकडे या. साठ सेंटिमीटर लांब आणि करंगळीहूनही बारीक अशी ही नळी द्रावणाने काठोकाठ भरली, तर आत ऑक्सिजन पोचणार कसा? शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकी सैनिकांपुढे हाच प्रश्न होता. त्यांच्या 1903च्या स्प्रिंगफील्ड रायफलच्या गोळ्यांना तांबं-निकेलचं कवच असे आणि ते नळीच्या तोंडाशी गुठळ्या धरून बसे. त्यावर कडक अमोनियाचं द्रावण ओतत, आणि त्यात अमोनियम परसल्फेट मिसळत. परसल्फेट हा ऑक्सिजनचा बदली कामगार: हवा नसेल तिथे इलेक्ट्रॉन काढून घेणारा. मागून रबरी बूच, तोंडावर रबरी नळीचा तुकडा चढवून द्रावण तोंडाच्याही वर उभं ठेवायचं. कारण पातळी खाली गेली आणि उघड्या पडलेल्या पोलादावर द्रावण वाळलं, तर तिथे गंजाचे खड्डे पडत. अर्ध्या तासाने ओतून, धुऊन, पुसून, तेल. एवढा उपद्व्याप.

त्या मानाने फेस म्हणजे मोठी अक्कल आहे. हिशेब करून पाहा. नळीच्या पोकळीत साधारण 27 मिलिलिटर मावतं. पण स्वच्छ करायचा तो आतला पृष्ठभाग, जेमतेम 145 चौरस सेंटिमीटर, पोस्टकार्डाएवढा. फेसात दहा टक्के द्रव धरला तर तीनेक मिलिलिटरांत नळी भरते. तेवढंच द्रावण नुसतं ओतलं असतं तर आडव्या नळीच्या तळाशी ओघळ होऊन पडलं असतं आणि वरची बाजू कोरडी राहिली असती.

फेस मात्र वरही चिकटतो, याचं कारण तो अर्धा घन आहे. द्रव आणि वायू, दोन्ही वाहणारे. पण बुडबुडे एकमेकांना खेटून बसले की त्यांना एकमेकांवरून घसरायला ठरावीक जोर लागतो, आणि त्याहून कमी जोर असला तर फेस जागचा हलत नाही. अरुंद नळीत फेसाचं स्वतःचं वजन एवढं जोर लावू शकत नाही. हळूहळू बुडबुड्यांच्या भिंतींतला द्रव निथळतो, बुडबुडे फुटतात आणि नळीला ओला पातळ थर राहतो. पातळ थरातून हवा सहज आत उतरते. मला तर या डब्यातली खरी हुशारी रसायनात कमी आणि या निथळण्यात जास्त वाटते. रसायनही बदललंय म्हणा: पुष्कळ डब्यांत अमोनियाऐवजी अमाइनं, म्हणजे अमोनियाचेच भाऊबंद, असतात. वास सौम्य, पण नायट्रोजनची ती जोडी तशीच.

तांबं मुळात बसूच नये, असा प्रयत्नही झाला. पहिल्या महायुद्धात फ्रेंचांनी तोफांच्या दारूत कथील घालायला सुरुवात केली. कथील नळीतल्या तांब्यात मिसळून ठिसूळ मिश्रधातू होतो आणि पुढचा गोळा तो खरवडून नेतो. आपण तांब्याला कल्हई लावतो ते भांडं टिकावं म्हणून, यांनी लावली ती तांबं तुटून जावं म्हणून.

अमोनिया-तांब्याच्या या जोडीचा आपल्याकडचा एक किस्सा धातुशास्त्राच्या पुस्तकांत जाऊन बसला आहे. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात फौजेच्या पितळी काडतुसांना आपोआप चिरा पडत. त्या मोसमावरूनच त्या रोगाला इंग्रजीत 'सीझन क्रॅकिंग' हे नाव पडलं. काडतुसं ठेवलेली असत घोड्यांच्या तबेल्यांत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि ओढून घडवलेल्या पितळात कोंडलेला ताण, या तिघांनी मिळून पितळ फोडलं. हा उलगडा 1921 साली झाला. उपायही साधा निघाला, पितळ हलकं तापवून तो ताण सोडवायचा. लष्करी काडतुसांच्या मानेवर अजूनही भाजल्यासारखी निळसर-तपकिरी झाक दिसते, ती त्या तापवण्याची.

कोणी म्हणेल, कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 2024 साली पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं, त्यालाही हा फेस लागत असेल. तर नाही. त्या प्रकारात पॉइंट टू-टू बोअरच्या गोळ्या असतात, मेण किंवा ग्रीस लावलेल्या शिशाच्या. कवच नाही, म्हणून तांबं नाही, म्हणून निळं काही निघायचं नाही.

गॅरेजमध्ये मात्र निळं निघतच होतं. फेस दुसऱ्यांदा भरला, चिंधी निळी. तिसऱ्यांदा भरला, अंधार पडला, चिंधी निळी ती निळीच. पुतण्या वैतागला. "एवढं तांबं असेल तर नळी पोलादाची राहिली तरी कुठे?" मी गज हातात घेतला. चिंधी अडकवायचं टोक पिवळंधमक होतं. पितळी. म्हणजे चिंधीतला ओला फेस आमच्याच गजाचं तांबं खात होता आणि दर वेळी निळी पावती देत होता. त्याने खण धुंडाळून नायलॉनचं टोक काढलं, त्यावर नवी चिंधी लावली आणि ढकलली.

बाहेर आली ती करडी होती, काजळीने. त्यानंतरची पांढरी.