टीयूई अर्ज: आजारी खेळाडूवर डोपिंगचा शिक्का बसू नये म्हणून

आजार खरा असतो, डॉक्टर खरे असतात, चिठ्ठीही खरी असते. नसतो तो फक्त परवानगीचा कागद, आणि तेवढ्यावर खेळाडू दोषी ठरतो. बंदी असलेले औषध उपचार म्हणून घ्यावे लागत असेल तर आधी घ्यायची ही परवानगी म्हणजे टीयूई, थेरप्यूटिक यूज एक्झम्प्शन. भारतात ती नाडा, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्था देते. अर्ज मोठा नाही. तरीही तो सारखा परत येतो किंवा फेटाळला जातो, आणि कारणे बहुतेक वेळा तीच ती असतात.

मुंबईच्या पृथ्वी शॉचे प्रकरण अनेकांना आठवत असेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी घेतलेल्या त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालिन हे श्वासनलिका मोकळी करणारे, बंदी असलेले औषध सापडले. खोकल्याच्या औषधातून ते नकळत पोटात गेले, हे त्याचे म्हणणे बीसीसीआयने मान्य केले आणि तरीही आठ महिन्यांची बंदी घातली. हेतू काय होता यावर शिक्षा कमी-जास्त होते. नियम मोडला की नाही, हे हेतूवर ठरत नाही.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये स्टेरॉइडच्या काळातल्या खेळाडूंना फसवे म्हणावे का, हा वाद अजून मिटलेला नाही. तिथे आयुक्तांचे बंदीचे पत्रक १९९१ चे, पण चाचण्या सुरू झाल्या २००३ मध्ये आणि शिक्षा २००४ पासून. हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे तिथल्या थोर खेळाडूंच्या सन्मान यादीसाठी, ७५ टक्के मते लागतात. पत्रकारांच्या मतदानातल्या दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, २०२२ मध्ये, त्या काळातल्या बॅरी बॉण्ड्सला ६६ टक्के मिळाली, रॉजर क्लेमेन्सला ६५.२. काळ कसा होता, नियम किती ढिले होते, याचा विचार करायला त्या मतदारांना दहा वर्षे मिळाली. तुमच्या नमुन्याबाबत असा विचार करायला कोणी बसणार नाही. वाडाची, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेची, बंदी यादी दरवर्षी १ जानेवारीला नव्याने लागू होते, ती वाचली नव्हती हे उत्तर चालत नाही. म्हणून रुग्ण आणि फसवा यांच्यातली रेघ औषध घेण्याआधीच कागदावर ओढून घ्यावी लागते.

वाडाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले आणि २१३ मध्ये बंदी असलेले द्रव्य आढळले. त्यांत जाणूनबुजून इंजेक्शने घेणारे आहेतच. हा लेख त्यांच्यासाठी नाही.

आधी बघा, टीयूई लागते का

पुष्कळदा लागत नाही, औषध बदलले की प्रश्न संपतो. दम्याच्या रुग्णाला सालब्युटामॉलचा पंप चालतो. मर्यादा २४ तासांत १,६०० मायक्रोग्रॅम आणि कोणत्याही ८ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही. १०० मायक्रोग्रॅमच्या पंपाचे म्हणजे ८ तासांत ६ झटके. तेच सालब्युटामॉल गोळी किंवा सिरप म्हणून घेतले तर बंदी आहे. नेब्युलायझरने घेतल्यास मात्रा सहज ओलांडली जाते, तेव्हा अर्ज करणेच बरे. टर्ब्युटालिन कोणत्याही रूपात चालत नाही, आणि आपल्याकडच्या कितीतरी कफ सिरपमध्ये ते असते. बाटलीवरचे ब्रँडचे नाव वाचून उपयोग नाही, मागची बारीक अक्षरे वाचा.

रक्तदाबाच्या ज्या गोळीच्या नावाला 'एच' जोडलेले असते, तिच्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असते. ते लघवी वाढवणारे औषध आहे आणि त्यावर स्पर्धा असो वा नसो, वर्षभर बंदी असते. मास्टर्स स्पर्धांत धावणाऱ्या पन्नाशीच्या लोकांनी हे आवर्जून तपासावे. अ‍ॅम्लोडिपिनला बंदी नाही. मुलींच्या बाबतीत केस-मुरुमांसाठी किंवा पीसीओएससाठी दिले जाणारे स्पायरोनोलॅक्टोन आणि गर्भधारणेसाठीचे क्लोमिफीन व लेट्रोझोल, तिन्ही यादीत आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांना पेशंट कुस्ती खेळते हे कोणी सांगितलेलेच नसते. ते सांगा.

आता सलाईन. तापात, थकव्यात, वजन उतरवल्यावर 'एक बाटली लावून घे' हा सल्ला गावोगावी दिला जातो. बाटली ५०० मिलिलिटरची असते. नियम असा की १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणे हीच बंदी असलेली पद्धत आहे, मग आत नुसते मीठ-पाणी का असेना. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया आणि निदानाच्या तपासण्या यांना यातून वगळले आहे. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या बाकावर घेतलेले सलाईन त्यात बसत नाही. खरोखर सलाईनची गरज असेल तर रुग्णालयात जा आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. सलाईनमधून बंदी असलेले औषध सोडले असेल, तर त्या औषधासाठी टीयूई वेगळी लागतेच.

औषध तपासण्यासाठी नाडाचे 'नो युवर मेडिसिन' हे अ‍ॅप वापरा. परदेशी प्रशिक्षक ग्लोबल डीआरओ हे संकेतस्थळ सुचवतात, पण त्यात भारतीय बाजारातले ब्रँड नाहीत. नाव सापडले नाही याचा अर्थ औषध सुरक्षित आहे असा घेऊ नका.

अर्ज कुठे करायचा

राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूने नाडाकडे, आंतरराष्ट्रीय पातळीवरच्याने आपल्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाकडे. राज्य संघटनेच्या सचिवांना दिलेले पत्र म्हणजे अर्ज नव्हे. नाडाची टीयूई देशातल्या स्पर्धांपुरती. बाहेर खेळायला जाताना महासंघ ती मान्य करतो का, हे लेखी विचारून घ्यावे लागते. अर्ज नाडाच्या नमुन्यात भरायचा. ज्यांचे अ‍ॅडॅम्स खाते (वाडाची ऑनलाइन प्रणाली) आहे, त्यांना तिथूनही करता येतो.

कागदपत्रे: अर्ज इथेच अडतो

फॉर्मच्या एका भागात तुमची माहिती, दुसऱ्यात डॉक्टरांची. औषधाचे मूळ नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा, कोणत्या मार्गाने, किती दिवस, हे डॉक्टरांनी स्वतः लिहायचे. सही, शिक्का, नोंदणी क्रमांक हवा. खेळाडू १८ वर्षांखालील असेल तर पालकांची सहीही. हे सगळे पंधरा मिनिटांत होते.

खरा प्रश्न आहे तो निदानाच्या पुराव्याचा. अर्जावर निर्णय देणाऱ्या समितीतले डॉक्टर तुम्हाला तपासत नाहीत, ते फक्त फाइल वाचतात. आपल्याकडे फाइलच नसते. फॅमिली डॉक्टर वर्षानुवर्षे ओळखीचे, नोंद त्यांच्या डोक्यात, गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून दिलेल्या, त्यांची नावेही ठाऊक नाहीत. सरकारी दवाखान्यातला केसपेपर भिजून फाटलेला. अशा वेळी 'सदर खेळाडू माझ्या उपचाराखाली असून त्यास हे औषध आवश्यक आहे' असे दोन ओळींचे प्रमाणपत्र जोडले जाते. त्याने काहीही सिद्ध होत नाही. समिती चार गोष्टी शोधते. आजाराचे निदान वैद्यकीय पुराव्यानिशी झाले आहे का? औषधाने नेहमीच्या तब्येतीपलीकडे ताकद वाढणार नाही ना? तेच औषध का, यादीबाहेरचे दुसरे का चालले नाही? आणि ही गरज पूर्वी परवानगीशिवाय घेतलेल्या बंदीच्या द्रव्यामुळेच तर उद्भवलेली नाही? चारही अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात.

तिसऱ्या प्रश्नावर सर्वाधिक अर्ज लंगडे पडतात. डॉक्टरांच्या पत्रात आधी कोणते औषध दिले, किती दिवस, त्याने काय झाले किंवा का देता आले नाही, हे तारखांसह हवे. 'हेच औषध पेशंटला मानवते' एवढे पुरत नाही.

आजारागणिक पुरावा बदलतो. दम्याला स्पायरोमेट्री, म्हणजे जोराने फुंकर मारून करायची फुफ्फुसांची चाचणी लागते, पंप घेण्याआधीची आणि घेतल्यानंतरची. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्के आणि २०० मिलिलिटरने वाढलेली दिसली तर निदानाला आधार मिळतो. औषध चालू असताना चाचणी केली की अहवाल नॉर्मल येतो आणि खेळाडू कोड्यात पडतो. तेव्हा आधी छातीच्या डॉक्टरांना सांगून, त्यांच्या देखरेखीखाली, योग्य काळ औषध थांबवून चाचणी करायची. तरीही नॉर्मल आली तर मिथॅकोलिनची किंवा व्यायामानंतरची चाचणी असते. औषध मनाने बंद करू नका, दम्याचा झटका जीव घेऊ शकतो. एकाग्रतेच्या विकारावरच्या औषधांसाठी मानसोपचारतज्ज्ञाचे सविस्तर मूल्यमापन आणि लहानपणापासूनच्या लक्षणांची नोंद हवी. इथे शाळेचे जुने शेरे कामी येतात, फेकून देऊ नका.

टेस्टोस्टेरॉनबद्दल स्पष्ट बोललेले बरे. वृषण किंवा पिट्युटरी ग्रंथीचा सिद्ध झालेला शारीरिक आजार असेल तरच विचार होतो. सकाळी घेतलेल्या रक्ताचे एकाहून अधिक अहवाल, सोबत एलएच आणि एफएसएच या पिट्युटरीच्या संप्रेरकांचे अहवाल, आणि एण्डोक्रायनॉलॉजिस्टचे, म्हणजे संप्रेरकांच्या तज्ज्ञाचे, मत लागते. वय, लठ्ठपणा किंवा अतिसरावाने पातळी उतरली असेल तर मंजुरी मिळत नाही. 'अशक्तपणा' हे निदान नाही. दवाखान्यात मिळणाऱ्या 'ताकदीच्या इंजेक्शनात' नॅन्ड्रोलोन असू शकते, ते अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड आहे. कुपीवरचे नाव वाचल्याशिवाय दंड पुढे करू नका. प्रोटीन पावडर, काढा, चूर्ण यांच्यासाठीही टीयूई मिळत नाही. त्यात भेसळ निघाली तर जबाबदारी खाणाऱ्याची.

नोंदी मराठीत असतील तर डॉक्टरांकडून इंग्रजी सारांश घ्या. फोटो काढताना कागद पूर्ण आणि वाचता येईल असा हवा. अर्धवट अर्ज परत येतो.

मुदत: '३० दिवस' कशाला लागू

पुढची स्पर्धा तीन महिन्यांवर आहे, मग वेळच वेळ आहे, असे समजून लोक औषध सुरू करतात. स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी अर्ज करा, हे फक्त स्पर्धाकाळापुरती बंदी असलेल्या औषधांसाठी आहे, उदाहरणार्थ सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडच्या (अॅनाबॉलिक नव्हे, ते वेगळे) गोळ्या आणि इंजेक्शने, किंवा २०२४ पासून ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक. इन्सुलिन, टर्ब्युटालिन, लघवी वाढवणारी औषधे, क्लोमिफीन यांच्यावर कायमची बंदी आहे. सुट्टीत घरी आलात तरी नमुना घेतला जाऊ शकतो. त्यांच्यासाठी गरज कळताच अर्ज करायचा आणि मंजुरीनंतर औषध घ्यायचे. मधुमेहासारख्या आजारात मात्र औषध थांबवून वाट बघायची नाही. उपचार सुरू ठेवा, अर्ज त्याच दिवशी पाठवा आणि तातडी होती हे कागदावर आणा.

निर्णय पूर्ण अर्ज मिळाल्यापासून २१ दिवसांत अपेक्षित असतो. 'पूर्ण' हा शब्द महत्त्वाचा आहे. एक अहवाल राहिला तर दिवस मोजणे सुरूच होत नाही. कार्यालयांनी उणीव पहिल्याच दिवशी, एकाच पत्रात कळवायला हवी. खेळाडूच्या हंगामाचे दिवस त्यात वाया जातात.

स्पर्धाकाळ सुरू होतो सामन्याच्या आदल्या रात्री ११.५९ वाजता. स्टेरॉइड बंद करून खेळायचे असेल तर त्या क्षणापासून मागे मोजा. तोंडावाटे घेतलेल्या प्रेडनिसोलोनला किमान ३ दिवस. कमरेत किंवा दंडात टोचलेल्या डेक्सामेथासोनला ५. ट्रायअमसिनोलोन सांध्यात दिले असेल तर १०, आणि स्नायूत दिले असेल तर ६०. गुडघ्यात इंजेक्शन घेताना औषधाचे नाव, मात्रा आणि सुई कुठे टोचली, तिन्ही लिहून घ्या. त्वचेचे मलम, डोळ्यांचे थेंब, नाकातला फवारा आणि दम्याच्या पंपातले स्टेरॉइड यांना बंदी नाही.

नमुना दिल्यानंतरचा अर्ज

मागाहून अर्ज करता येतो, पण सर्रास नाही. तातडीचा उपचार होता, अर्जाला वेळच मिळाला नाही, खेळाडू राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीचा नव्हता, किंवा स्पर्धेबाहेर घेतलेले औषध स्पर्धेत नमुन्यात उतरले, अशी मोजकी कारणे आहेत. वरच्या चार अटी तेव्हाही लागू असतात, आणि पुरावा त्या काळातलाच हवा. निकाल आल्यावर तयार केलेले प्रमाणपत्र ओळखू येते. जिल्हा पातळीवरच्या पोरांनी ही सवलत आहे म्हणून निर्धास्त राहू नये. फाइल आजच उघडा.

नमुना देताना फॉर्मवर गेल्या ७ दिवसांतली औषधे लिहायची असतात. तिथे लिहिले म्हणजे परवानगी मिळाली, हा गैरसमज फार पसरला आहे. ती फक्त नोंद आहे. तरीही खरे आणि पूर्ण लिहा, पुढे सुनावणीत तिचा आधार होतो.

अर्ज फेटाळला तर निर्णयपत्रातली कारणे शांतपणे वाचा. पुरावा अपुरा असेल तर नव्या अहवालासह पुन्हा अर्ज करता येतो. निर्णयच चुकीचा वाटत असेल तर पत्रात दिलेल्या मुदतीत राष्ट्रीय डोपिंगविरोधी अपील पॅनेलकडे जाता येते. आजाराची माहिती बाहेर फुटेल या भीतीने काही जण अर्जच करत नाहीत. समितीला गोपनीयता बंधनकारक आहे, प्रशिक्षकाला निदान कळवले जात नाही.

मंजुरीपत्रावर शेवटची तारीख असते आणि ती आपोआप वाढत नाही, नव्याने अर्ज करावा लागतो. मंजुरी त्याच औषधाला, त्याच मात्रेला आणि त्याच मार्गाला असते. डॉक्टरांनी मात्रा वाढवली किंवा गोळीऐवजी इंजेक्शन दिले, तर त्याच आठवड्यात नाडाला कळवा आणि उत्तराची प्रत किटबॅगेत ठेवा.