तो क्षण सहज टिपलेला नव्हता

लॉस एंजेलिसमधील टेकडीच्या कडेवरचे काचेचे घर, आत गप्पा मारणाऱ्या दोन तरुणी आणि खाली दूरवर पसरलेले शहराचे दिवे, हे ज्युलियस शुलमन यांनी १९६० साली घेतलेले छायाचित्र म्हणजे घरच्या मंडळींचा नकळत टिपलेला क्षण होय, असा समज रूढ आहे. तो खरा नाही.

वास्तुविशारद पिअर कोनिग यांनी रचलेल्या या स्टाल हाउसमधील सामान चित्रणासाठी मांडलेले होते आणि त्या तरुणी तेथे राहत नव्हत्या. खरी कारागिरी मात्र उजेडाची आहे. शहराचे दिवे फिल्मवर उमटावेत म्हणून सुमारे सात मिनिटे एक्स्पोजर दिले गेले, म्हणजे फिल्मवर उजेड पडू दिला गेला, तोवर त्या दोघी अंधारातच बसून होत्या (हेही काही सोपे काम नव्हे). मग गोल दिव्यांत बसवलेले फ्लॅशबल्ब पेटवून त्याच निगेटिव्हवर आतली खोली क्षणार्धात उमटवली गेली. याला लबाडी म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण बाहेरचा मंद आणि आतला प्रखर उजेड आपल्या डोळ्यांना एकत्र पेलतो, फिल्मला तो एका दमात पेलत नाही.