मुंबई–लंडन : अंतर तेच, तास वेगळे

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. ताशी ८५० किलोमीटरने भागलं की साडेआठ तास येतात. इंटरनेटवर अंतर विचारलं तर बहुधा हेच उत्तर मिळतं. प्रत्यक्षात जाताना दहा तासांच्या आसपास लागतात, येताना त्याहून तासभर कमी.

पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरी ताणून धरली, तर ती पाकिस्तानचा मकरान किनारा, इराण, कॉकेशस, क्रिमिया, युक्रेन, जर्मनी अशी जाते. ७,२०० हा आकडा त्या दोरीचा. विमानं तिला धरून क्वचितच उडाली.

८ जून १९४८च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ पहिल्यांदा लंडनला निघालं. चार पंख्यांचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन, ३५ प्रवासी आणि त्यांच्यात खुद्द जेआरडी टाटा. कैरो आणि जिनिव्हाला थांबत ते १० जूनला पोचलं. त्या वाटेची बेरीज केली तर ती ७,९०० किलोमीटरच्या आसपास भरते. म्हणजे वळसा जेमतेम दहा टक्क्यांचा. वेळ खाल्ला तो पिस्टन इंजिनांच्या वेगाने आणि वाटेतल्या थांब्यांनी.

१९६० साली एअर इंडियाकडे बोइंग ७०७ हे जेट विमान आलं आणि वेग जवळपास दुप्पट झाला. पण ही जेट विमानं ३०–३५ हजार फुटांवर उडू लागली आणि त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. जाण्यायेण्यातला तासाभराचा फरक मुख्यतः त्यांचाच.

वारा काय करू शकतो हे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मार्गावर फार छान दिसलं. ऑक्टोबर २०१६मध्ये एअर इंडियाने अटलांटिकची वाट सोडून पूर्वेकडे, वारा पाठीशी घेत, पॅसिफिकवरून विमान नेलं. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झालं. तरी विमान साडेचौदा तासांत, म्हणजे नेहमीपेक्षा जवळपास दोन तास आधी उतरलं!

वाऱ्याचा अंदाज तरी बांधता येतो. आकाश कोण कधी बंद करील, याचा नाही. बालाकोटनंतर फेब्रुवारी २०१९मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली, ती पूर्ण उघडली जुलैत. २४ फेब्रुवारी २०२२पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं. पहलगामनंतर, २४ एप्रिल २०२५ला, पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा मज्जाव केला. उत्तरेकडच्या दिल्लीला त्याचा फटका जास्त बसला. मुंबईचं विमान अरबी समुद्रावरून ओमानकडे वळू शकतं, पण त्या दोरीचे दोन तुकडे तर गेलेच.

तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करून तास काढणार असाल, तर लंडन आपल्या मागे हिवाळ्यात साडेपाच तास असतं आणि उन्हाळ्यात साडेचार.