शिवभोजन केंद्र सुरू करायचंय? पात्रता, कागदपत्रं, अर्ज आणि अर्जाआधी मांडायचा हिशेब

शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झाली. ग्राहक दहा रुपये देतो आणि थाळीची उरलेली रक्कम राज्य सरकार केंद्रचालकाला अनुदान म्हणून देतं. इतकं सगळ्यांना ठाऊक असतं. खानावळ, मेस किंवा बचत गट चालवणाऱ्यांनी 'आपल्याला केंद्र मिळेल का' याच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारायला हवा: 'अनुदान येईपर्यंत आपण तग धरू का?' पात्रता आणि कागदपत्रांची माहिती खाली आहेच, पण या दुसऱ्या प्रश्नावर मी जास्त थांबणार आहे. केंद्र मिळाल्यावर दमछाक होते ती तिथेच.

आधी थाळी आणि दर पाहू. शासन निर्णयात थाळी वजनासकट ठरवून दिलेली आहे: प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅमची एक वाटी भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भाताची मूद. सुरुवातीला शहरी भागासाठी थाळीचा दर ५० रुपये आणि ग्रामीण भागासाठी ३५ रुपये धरला गेला. ग्राहकाचे दहा वजा केले की शहरात ४० आणि ग्रामीण भागात २५ रुपये अनुदान. कोरोनाच्या काळात मार्च २०२० अखेरीस ग्राहकाचा वाटा पाच रुपयांवर आला, एप्रिल २०२१ मध्ये थाळी मोफत झाली आणि ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा दहा रुपये झाले. अर्ज करताना चालू दर कार्यालयातून लेखी मागून घ्या, ऐकीव माहितीवर थांबू नका. शहरी दर लागेल की ग्रामीण, हेही तेव्हाच स्पष्ट करून घ्यावं. शहराच्या वेशीवरच्या गावात एकाच थाळीमागे पंधरा रुपयांचा फरक पडतो.

आता पात्रता. योजना कुणालाही नवं हॉटेल थाटून देण्यासाठी नाही. आधीपासून चालू असलेली खानावळ, भोजनालय, मेस किंवा रेस्टॉरंट, महिला बचत गट आणि स्वयंसेवी संस्था यांच्यातून सक्षम चालकाची निवड करायची, असं तिचं स्वरूप आहे. जागा चालकाने स्वतः आणायची, मालकीची किंवा भाड्याची, आणि ती एका वेळी किमान २५ माणसं बसून जेवतील एवढी हवी. मूळ निर्णयानुसार एका केंद्राला रोज कमीत कमी ७५ आणि जास्तीत जास्त १५० थाळ्या मिळत. वर्दळीच्या ठिकाणांना प्राधान्य असतं: जिल्हा रुग्णालय, एसटी स्थानक, रेल्वे स्थानकाचा परिसर, बाजारपेठ, सरकारी कार्यालयांचा भाग. गल्लीच्या आतल्या टोकाला कितीही स्वच्छ खानावळ असली, तरी रुग्णालयासमोरच्या साध्या मेसचा अर्ज तिच्यापेक्षा बळकट ठरतो, आणि माझ्या मते तसंच असायला हवं. थाळी ज्याच्यासाठी आहे तो माणूस तिथे असतो.

स्वतःच्या जागेच्या अटीकडे जुन्या अनुभवाच्या नजरेतून पाहा. १९९५ नंतरच्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली होती. त्या वेळी अनेक केंद्रं सरकारी आणि पालिकेच्या जागांवर उभी राहिली. अनुदान थांबल्यावर त्या जागांचं काय करायचं यावरून पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. शिवभोजनात हा गुंता टळतो, पण त्याची दुसरी बाजू अशी की जागेचं भाडं, वीज, पाणी आणि दुरुस्ती सगळं तुमच्या अंगावर येतं. थाळीच्या दरातून तेही निघायला हवं.

कागदपत्रांची फाईल अर्ज लिहायच्या आधी तयार ठेवा. अर्जदाराचं आधार कार्ड आणि पॅन कार्ड लागतं. जागा स्वतःची असेल तर मालमत्ता कराची पावती किंवा उतारा, भाड्याची असेल तर नोंदणीकृत भाडेकरार आणि मालकाची संमती. सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालची, म्हणजे एफएसएसएआयची, नोंदणी किंवा परवाना. उलाढाल लहान असेल तर नोंदणी, मोठी असेल तर परवाना. केंद्र मिळो न मिळो, अन्न विकणाऱ्या प्रत्येकाला कायद्याने हा कागद लागतोच. मुदत संपत आली असेल तर आधी नूतनीकरण करून घ्या. आस्थापना नोंदणीचा दाखला, म्हणजे ज्याला आपण शॉप अ‍ॅक्ट म्हणतो तो, आणि व्यवसाय आधीपासून चालू असल्याचं दाखवणारी बिलं सोबत जोडा. बचत गट असेल तर गटाची नोंदणी, सदस्यांची यादी, गटाच्या नावाचं बँक खातं आणि केंद्र चालवण्याबद्दलचा ठराव. संस्था असेल तर नोंदणी प्रमाणपत्र आणि ठराव. बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत स्पष्ट हवी, कारण अनुदान थेट खात्यात येतं आणि खातेदाराच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी रक्कम अडकू शकते. स्वयंपाकघर, बसण्याची जागा, पिण्याचं पाणी आणि हात धुण्याची सोय यांचे फोटो मागितले नसले तरी जोडा. पाहणीला येणाऱ्याचं काम त्याने सोपं होतं.

फाईल कुठे द्यायची, हे गावावर अवलंबून आहे. तालुक्याच्या ठिकाणी तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत, जिल्ह्याच्या पातळीवर जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडे. मुंबई-ठाणे शिधावाटप क्षेत्रात शिधावाटप यंत्रणेकडे, तर पुणे, नागपूर आणि सोलापूर शहरात अन्नधान्य वितरण अधिकाऱ्याकडे. रेशन दुकानाचा कारभार जे खातं पाहतं तेच, अन्न व नागरी पुरवठा विभाग, ही योजनाही पाहतं. तुमच्या रेशन दुकानदाराला विचारलं तरी नेमकं कार्यालय कळेल.

तिथे गेल्यावर पहिला प्रश्न 'अर्जाचा नमुना द्या' हा नको. आधी विचारा, 'आपल्या तालुक्याचा इष्टांक शिल्लक आहे का?' इष्टांक म्हणजे मंजूर थाळ्यांची मर्यादा. तो संपला असेल तर उत्तम जागा आणि पूर्ण कागदपत्रं असूनही नवं केंद्र मिळत नाही. एखादं जुनं केंद्र बंद झालं असेल तर तेवढी जागा मोकळी होऊ शकते, तेही विचारा. इष्टांक असेल तरच अर्ज द्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्या. त्यानंतर जागेची पाहणी होते, स्थानिक समितीपुढे प्रस्ताव जातो आणि मग मंजुरीचं पत्र येतं. त्या पत्रात रोजच्या थाळ्यांची संख्या असते. तिच्यापेक्षा जास्त थाळ्या वाढल्यात, तर त्यांचा खर्च तुमचा. कुणी मध्यस्थ 'करून देतो' म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा, इष्टांक नसताना तोही काही करू शकत नाही.

केंद्र सुरू झालं की रोजचं काम मोबाइल अ‍ॅपवर चालतं. जेवणाऱ्याचं नाव आणि फोटो अ‍ॅपवर चढवायचा असतो आणि त्या नोंदींवरूनच तुमचं देयक तयार होतं. नोंद राहिली तर थाळीचं अनुदान गेलं, मग ती थाळी कुणाच्या पोटात गेली हे सांगून उपयोग नाही. एकच फोटो पुन्हा पुन्हा चढवणं, फोटोचा फोटो काढणं असे प्रकार तपासणीत सापडतात आणि केंद्रं बंद होतात. २०२२ च्या सुरुवातीपासून केंद्रांवर सीसीटीव्हीही बंधनकारक केले गेले. तेव्हा गर्दीच्या दोन तासांत फक्त नोंदी करणारा एक माणूस वेगळा लागेल, असं धरून चाला. वाढणाऱ्यानेच मधून मधून फोटो काढायचे हे पहिल्या आठवड्यातच कोलमडतं.

आता हिशेब. शहरातलं केंद्र, रोज १०० थाळ्या, महिन्याचे २६ दिवस धरू. गल्ल्यात रोज १,००० रुपये येतात, महिन्याला २६,०००. सरकारकडून यायचे असतात रोज ४,००० म्हणजे महिन्याला १,०४,०००. किराणा, भाजी, गॅस आणि पगार मात्र रोख जातात. देयक तीन महिने थकलं तर ३,१२,००० रुपये तुमच्या खिशातले अडकले. ग्रामीण दराने हाच आकडा १,९५,००० होतो. हे काल्पनिक भय नाही. २०२५ मध्ये अनेक जिल्ह्यांतल्या केंद्रचालकांची देयकं महिनोन्महिने थकली, आंदोलनं झाली. ज्यांनी उधारीवर किराणा घेतला होता त्यांना दुकानदारापुढे रोज मान खाली घालावी लागली. यात सगळ्यात जास्त भरडले जातात ते बचत गट, कारण त्यांच्याकडे पडून असलेलं भांडवल नसतं. दहा बायकांनी मिळून चालवलेल्या स्वयंपाकघरावर सरकारने कर्ज काढायची वेळ आणावी, हे मला पटत नाही.

खाण्यावर सरकारी सवलत देऊन पैसे वेळेत पोचवणं अशक्य नाही. ऑगस्ट २०२० मध्ये ब्रिटनने सोमवार ते बुधवार हॉटेलात बसून जेवणाऱ्यांना बिलात निम्मी सूट दिली, माणशी दहा पौंडांपर्यंत, दारू वगळून. हॉटेलचालकाने ऑनलाइन नोंदणी करायची, सात दिवस थांबायचं, मग दावा करायचा, आणि पाच कामकाजाच्या दिवसांत पैसे खात्यात. त्या योजनेवर ८४.९ कोटी पौंड खर्च झाले आणि साथ पसरवल्याची टीकाही तिच्यावर झाली. तिचा हेतूही वेगळा होता, ओस पडलेली हॉटेलं भरण्याचा. तरी चालकाने सवलत आज द्यायची असेल तर भरपाई आठवड्यात यायला हवी, हे तिथे कळलं होतं. आपल्याकडे पोट भरण्याची योजना आहे, म्हणून तर ही शिस्त जास्त गरजेची.

म्हणून अर्जाआधी स्वतःला विचारा, तीन महिने अनुदान न येता चूल पेटती ठेवता येईल का? येत नसेल तर कमी थाळ्यांची मंजुरी मागा. ७५ थाळ्या नीट चालवणं हे १५० अर्धवट सोडण्यापेक्षा बरं.

स्वयंपाकघराचा अंदाजही घ्या. १०० थाळ्या म्हणजे २०० चपात्या, १५ किलो शिजलेला भात, दहा किलो भाजी, दहा किलो वरण, आणि हे सगळं दुपारी बाराच्या आत. घरगुती सिलिंडर व्यवसायाला वापरता येत नाही, व्यावसायिक सिलिंडरचाच दर हिशेबात धरा. मूळ निर्णयात जेवणाची वेळ १२ ते २ होती, पुढे ती वाढवली गेली. २५ खुर्च्या आणि १५० थाळ्या असतील तर सहा पंगती उठतात. दोन तासांत बसवायच्या तर एकेका पंगतीला वीस मिनिटं.

आणि हीच वेळ तुमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाचीही असते. खानावळीवर होणारा खरा परिणाम इथे दिसतो. ४० खुर्च्यांपैकी २५ शिवभोजनाला गेल्या तर पूर्ण दराची थाळी खाणारा बँकेतला माणूस दारात थांबेल आणि चार दिवसांनी समोरच्या हॉटेलात जाईल. दुसरीकडे, डाळ-तांदूळ-तेलाची खरेदी वाढते, किराणावाला दर कमी करतो, रिकामा जाणारा आचाऱ्याचा वेळ भरून निघतो. ज्या मेसचा मुख्य धंदा संध्याकाळचा आहे आणि दुपार मोकळी जाते, तिला केंद्र सगळ्यात जास्त मानवतं. दुपारीच खचाखच भरणाऱ्या खानावळीने वेगळी खोली किंवा ओटा असल्याशिवाय यात पडू नये. शेजारच्या वडापाव, पोहे, राइसप्लेटवाल्यांची दुपारची विक्री थोडी तुटते, हेही खरं. त्यांना अनुदान नाही, त्यामुळे त्यांची कुरकुर समजून घ्यायला हवी.

करांबद्दल थोडक्यात. जीएसटी कायद्यात राज्य किंवा केंद्र सरकारने दिलेलं अनुदान वस्तू-सेवेच्या मोबदल्यात धरत नाहीत. प्राप्तिकरासाठी मात्र ते उत्पन्नात दाखवावं लागतं. थकलेलं अनुदान कोणत्या वर्षात दाखवायचं, हे सनदी लेखापालाला विचारून घ्या.

ग्राहकाला अर्ज नाही, दाखला नाही. रेशनकार्डाचा रंग किंवा उत्पन्न कुणी विचारत नाही. नाव सांगायचं, फोटो द्यायचा, दहा रुपये द्यायचे. सरकारी कर्मचारी आणि केंद्र ज्या आस्थापनेत आहे तिथले कर्मचारी यांना मात्र सवलतीची थाळी घ्यायला मनाई आहे. फोटोला लाजून परत फिरणारे लोक असतात, विशेषतः घरची परिस्थिती अचानक बिघडलेले. अशा माणसाला चालकाने हळूच सांगावं की हा फोटो फक्त हिशेबासाठी लागतो. रुग्णाबरोबर आलेला नातेवाईक, बाजार समितीतला हमाल, परीक्षेची तयारी करणारा पोरगा, सगळ्यांना ती थाळी सारखीच. कष्टाच्या कामावरच्या माणसाला दोन मिळून साठ ग्रॅमच्या चपात्या पुरत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि दरवाढीच्या मागणीइतकीच ही मागणीही चालकांनी निवेदनात लिहायला हवी.

थाळी वजनाला कमी मिळाली, जास्त पैसे मागितले किंवा संख्या संपलेली नसताना परत पाठवलं, तर तक्रार तहसीलच्या पुरवठा शाखेत, शिधावाटप कार्यालयात किंवा जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडे करता येते. तारीख, वेळ आणि केंद्राचं नाव लिहा. अ‍ॅपवर त्या वेळेच्या नोंदी असल्याने पडताळणी होऊ शकते. चालकाला केंद्र सोडायचं असेल तर त्याच कार्यालयात लेखी कळवावं, शेवटच्या दिवसापर्यंतच्या नोंदींचा तक्ता जोडावा आणि थकीत देयकाची रक्कम त्या पत्रातच लिहून पोच घ्यावी. केंद्र बंद झाल्यावर नुसत्या तोंडी शब्दावर जुनी थकबाकी वसूल करणं फार अवघड जातं.