खापर फोडले, भीती उरली

२९ ऑगस्ट २००५ च्या सकाळी अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहरात सेव्हन्टीन्थ स्ट्रीट कालव्यालगतची काँक्रीटची पूररोधक भिंत पायाखालच्या मऊ मातीसकट सरकली आणि कॅटरिना वादळाने फुगलेले पाणी वस्तीत घुसले. त्या वेळी कालव्यातले पाणी भिंतीच्या माथ्यापर्यंत पोहोचलेही नव्हते. जेवढे पाणी अडवण्यासाठी ती बांधली होती, त्याहून कमी पाण्यातच ती कोसळली. इतरही अनेक ठिकाणी बांध आणि भिंती फुटल्या, सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेले आणि वादळाने एकूण हजाराहून अधिक माणसांचा बळी घेतला. वादळ निसर्गाचे होते, पण भिंत माणसांनी बांधली होती, आणि म्हणूनच चूक कोणाची हा प्रश्न पाणी ओसरण्याआधीच उभा राहिला.

उत्तरांची वाण नव्हती. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश रिपब्लिकन, लुइझियानाच्या गव्हर्नर कॅथलीन ब्लँको आणि शहराचे महापौर रे नेगिन डेमोक्रॅटिक, तर केंद्रीय आपत्ती निवारण यंत्रणेचे प्रमुख मायकेल ब्राउन हे बुश यांनी नेमलेले. ब्राउन यांनी १२ सप्टेंबरला राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी केंद्र सरकारच्या त्रुटींची जबाबदारी बुश यांनी स्वीकारली. पण तोवर लोकांनी आपापले आरोपी निवडलेले होते. ही निवड कशी होते, हे नील मल्होत्रा आणि अलेक्झांडर कुओ या राज्यशास्त्रज्ञांनी एका प्रयोगातून तपासले आणि त्यांचा निबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना कॅटरिनाशी संबंधित पदाधिकाऱ्यांची यादी दिली आणि दोषाच्या प्रमाणानुसार क्रम लावायला सांगितले. यादी सर्वांसाठी तीच होती, फरक फक्त नावापुढच्या शब्दांत होता: कोणाला नावासोबत पक्ष दिसत होता, तर कोणाला त्या व्यक्तीचे पद. पक्ष दिसला की लोक विरुद्ध पक्षाच्या माणसाला वरच्या क्रमांकावर नेत. पद दिसले, म्हणजे कोणावर कोणते काम सोपवले होते हे कळले, की त्यांचा निवाडा अधिक तत्त्वाला धरून होई.

या प्रयोगाचे मोल मला एका वेगळ्याच कारणासाठी वाटते. ज्यांच्या हातून भिंतीचा आराखडा चुकला, ते त्या यादीच्या राजकारणात बसतच नव्हते. न्यू ऑर्लीन्सची पूररोधक व्यवस्था लष्कराच्या अभियंता दलाने, म्हणजे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने उभारलेली होती, आणि अभियंता दलाला पक्ष नसतो. त्यांनीच नेमलेल्या तज्ज्ञगटाच्या जून २००६ च्या अहवालात ही व्यवस्था नावापुरतीच व्यवस्था होती असा निष्कर्ष निघाला आणि दलप्रमुख कार्ल स्ट्रॉक यांनी दोष मान्य केला. पण खापर फोडायला डोके लागते, आणि भिंतीच्या पायासाठी चिखलाच्या थरात लोखंडी पत्रे किती खोल रोवले, याला डोके नसते. जानेवारी २००८ मध्ये केंद्रीय न्यायालयाने कालव्यांबाबतचा नुकसानभरपाईचा दावा फेटाळला, कारण १९२८ च्या पूरनियंत्रण कायद्याने सरकारला अशा नुकसानीपासून संरक्षण दिलेले होते. महापौर नेगिन मे २००६ मध्ये पुन्हा निवडून आलेच होते.

मुंबईकरांना ही कथा परकी वाटू नये. त्याच वर्षी, सुमारे महिनाभर आधी, २६ जुलैला सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. राज्यात एका आघाडीचे सरकार होते आणि महापालिकेत तिच्या विरोधकांची सत्ता होती, त्यामुळे मिठी नदी कोणी अडवली याचे उत्तर बोलणाऱ्याच्या पक्षावरून आधीच ओळखता येई. दरम्यान, ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेल्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता दुप्पट करावी असे सांगणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ पासून तयार होता. तो बारा वर्षे पडून राहण्यात हातभार लावणारे कोणत्या एका पक्षाचे होते, हे सांगता येणे कठीण आहे.

पूर्वतयारी अशी पडून का राहते, याचेही एक उत्तर संशोधनात सापडते. अँड्र्यू हीली आणि मल्होत्रा यांनी १९८८ ते २००४ या काळातील अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकांचे आकडे आपत्तीखर्चाशी ताडून पाहिले, तेव्हा दिसले की आपत्तीनंतर मदत वाटणाऱ्या सत्ताधाऱ्याला मतदार बक्षीस देतात, मात्र आपत्तीआधी तयारीवर खर्च करणाऱ्याला काहीच देत नाहीत. वास्तविक तयारीवरचा एक डॉलर पुढचे सुमारे १५ डॉलरचे नुकसान टाळतो, असा त्यांचाच अंदाज आहे. अन्नाची पाकिटे वाटतानाचे छायाचित्र छापून येते. न फुटलेल्या भिंतीचे कोणी काढत नाही.

इथपर्यंतचा हिशेब दिवसाचा झाला. रात्रीकडे, म्हणजे स्वप्नांकडे, वळण्याआधी भीती आणि राग यांतला फरक पाहावा लागेल, कारण पक्षीय दोषारोप एकाचे दुसऱ्यात रूपांतर करतो असे मला वाटते. जेनिफर लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर सुमारे हजार अमेरिकी नागरिकांवर केलेल्या अभ्यासात, ज्यांच्यात भीती जागवली गेली त्यांना पुढचे धोके मोठे दिसले, तर ज्यांच्यात राग जागवला गेला त्यांना तेच धोके लहान दिसले. घटना एकच होती. राग येण्यासाठी दोषी ठरलेला लागतो, आणि दोषी ठरला की पुढे काय होणार याची अनिश्चितता आपोआप कमी वाटू लागते; भीतीला असा पत्ता मिळालेला नसतो. जॉर्ज मार्कस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा सिद्धांत याला जोडून वाचण्यासारखा आहे: अस्वस्थ झालेला नागरिक नवी माहिती शोधू लागतो आणि पक्षाच्या सवयीवर कमी विसंबतो. तसे असेल तर उत्तरदायित्वाच्या दृष्टीने भीतीच अधिक कामाची, कारण नाल्याचा नकाशा मागण्याची इच्छा तिच्यात असते. रागाला नकाशाची गरज वाटत नाही.

मात्र दिवसा पत्ता देऊन पाठवून दिलेली भीती रात्री परत येते, आणि येते तेव्हा तो पत्ता तिच्यावर नसतो. अर्नेस्ट हार्टमन हे स्वप्नांचे अभ्यासक सांगत की जळत्या घरातून वाचलेली माणसे पुष्कळदा आगीचे नव्हे, तर समुद्रकिनाऱ्यावर उभे असताना प्रचंड लाट अंगावर येऊन वाहून नेत असल्याचे स्वप्न पाहतात. ११ सप्टेंबरच्या आधीपासून स्वप्नांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतील ४४ जणांच्या वह्या त्यांनी तपासल्या आणि प्रत्येकाची हल्ल्यापूर्वीची दहा आणि नंतरची दहा स्वप्ने ताडून पाहिली. नंतरच्या स्वप्नांतील मध्यवर्ती प्रतिमा अधिक तीव्र झाल्या होत्या. परंतु दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा दाखवलेले, मनोऱ्यावर आदळणारे विमान त्यांपैकी एकाही स्वप्नात नव्हते. स्वप्नाने बातमी टाकून दिली होती आणि भावना तेवढी ठेवली होती.

माझा स्वतःचा अनुभव याहून निराळा नाही. २६ जुलैच्या रात्री मी कलिन्याहून कुर्ल्यामार्गे घाटकोपरला चालत निघालो होतो. कमरेइतक्या काळ्या पाण्यात, पुढच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात ठेवून, रस्त्यातल्या गटाराचे झाकण जागेवर असेल की नसेल हे पायाने चाचपत आमची रांग सरकत होती. पुढे कित्येक वर्षे मला जे स्वप्न पडत राहिले, त्यात पाऊस नाही, पाणी नाही, कुर्लाही नाही. मी आमच्या चाळीचा कोरडा जिना उतरत असतो आणि पुढच्या पायरीच्या जागी काहीच नसते. दिवसा मात्र मी त्या रात्रीविषयी ज्या तावातावाने बोलत असे, त्या बोलण्यात एका पक्षाचे नाव हटकून यायचे आणि झाकणाचा उल्लेख कधी यायचा नाही.

झोपेत मेंदू भीतीचे नेमके काय करतो, याविषयी जिनिव्हातील संशोधकांनी २०१९ मध्ये एक लक्षणीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी १८ स्वयंसेवकांच्या डोक्यावर प्रत्येकी २५६ विद्युत्‌संवेदक बसवून त्यांना झोपवले, रात्रीतून अनेकदा उठवले आणि स्वप्न पडत होते का, त्यात भीती होती का, असे विचारले. भीतीच्या स्वप्नात मेंदूतील इन्सुला आणि सिंग्युलेट कॉर्टेक्स हे भाग, म्हणजे जागेपणीच्या भीतीतही गुंतलेलेच भाग, सक्रिय आढळले. नंतर ८९ जणांनी आठवडाभर स्वप्नांची वही ठेवली आणि मग एमआरआय यंत्रात त्यांना क्लेशदायक चित्रे दाखवण्यात आली. ज्यांच्या स्वप्नांत भीती अधिक होती, त्यांच्या इन्सुला, सिंग्युलेट आणि अमिग्डाला या भागांचा प्रतिसाद त्या चित्रांना तुलनेने सौम्य होता, तर भीतीला लगाम घालणारा कपाळामागचा मध्यभाग जास्त क्रियाशील होता. म्हणजे बेताची भीती स्वप्नात अनुभवलेल्यांची जागेपणीची प्रतिक्रिया अधिक आवरलेली होती. फिनलंडचे अँटी रेव्हॉनसुओ यांनी २००० मध्येच असे मांडले होते की स्वप्न ही धोक्याची रंगीत तालीम आहे आणि उत्क्रांतीने ती याचसाठी टिकवली. मतदार ज्या पूर्वतयारीसाठी एक मतही देत नाहीत, तिच्यावर त्यांचाच मेंदू रोज रात्री खर्च करत असावा, ही कल्पना मला गमतीची वाटते.

ही तालीम प्रमाणाबाहेर गेली, म्हणजे स्वप्न दचकवून जागे करू लागले, की तिचा उपयोग संपतो आणि आजार सुरू होतो. जिनिव्हाच्या संशोधकांनीही तेवढे बजावून ठेवले आहे. दुःस्वप्नाला सामोरे जाण्याचा सल्ला जुना आहे, पण त्याचा इतिहास निर्मळ नाही. मलायातील सेनोई लोक मुलांना स्वप्नातल्या शत्रूवर चालून जायला शिकवतात आणि म्हणून त्यांच्या समाजात कलह नाही, असे किल्टन स्टुअर्ट नावाच्या अमेरिकी माणसाने लिहिले आणि १९६० नंतरच्या अमेरिकेत त्यावर शिबिरे चालली. विल्यम डॉमहॉफ यांनी १९८५ मध्ये या कथेची छाननी केली, तेव्हा तिला सेनोईंच्या जीवनात आधार नसल्याचे दिसून आले.

ज्याला खरा आधार आहे तो उपाय बराच साधा आणि थोडा कंटाळवाणा आहे. जागेपणी दुःस्वप्न लिहून काढायचे, त्यात हवा तो बदल करायचा आणि बदललेले स्वप्न रोज काही मिनिटे डोळ्यांसमोर आणायचे. बॅरी क्रॅको आणि सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोत लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रियांबरोबर ही पद्धत तपासली आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपचार घेतलेल्यांची दुःस्वप्ने आणि आघाताची लक्षणे दोन्ही कमी झाली. २०२२ मध्ये जिनिव्हात ३६ रुग्णांवर याची पुढची पायरी पाहण्यात आली: निम्म्या रुग्णांनी बदललेल्या स्वप्नाची कल्पना करताना पियानोचा एक स्वरमेळ ऐकला आणि पुढे दोन आठवडे तोच स्वरमेळ त्यांना आरईएम झोपेत, म्हणजे बंद डोळे झपाट्याने हलतात त्या स्वप्नांच्या झोपेत, ऐकवला गेला. दोन्ही गटांची दुःस्वप्ने घटली. स्वर ऐकलेल्यांची अधिक घटली आणि तीन महिन्यांनंतरही तो फरक टिकून होता.

तरीही न्यू ऑर्लीन्सला हा उपाय एकटा पुरला नसता, आणि याचा पुरावा आकड्यांत आहे. एरवी आपत्तीनंतरचा मानसिक आघात काळाबरोबर ओसरतो. रोनाल्ड केसलर आणि सहकाऱ्यांनी कॅटरिनाग्रस्तांशी काही महिन्यांनी आणि पुन्हा वर्षभराने बोलून पाहिले, तेव्हा आघातोत्तर ताणविकाराचे प्रमाण १४.९ टक्क्यांवरून २०.९ टक्क्यांवर गेलेले होते. या वाढीचा मोठा वाटा वादळाशी निगडित, पण अजून न सुटलेल्या अडचणींचा होता. घर राहते झालेले नसताना डोक्यातले वादळ शमत नाही, आणि घर राहते करणे ज्यांच्या हातात असते त्यांना त्यासाठी जाब विचारावा लागतो. तो पक्षाला नव्हे, पदाला.

माझे जिन्याचे स्वप्न किरकोळ होते, त्यासाठी डॉक्टर लागले नाहीत. गेल्या पावसाळ्यात मी ते वहीत उतरवले आणि खाली बदल लिहिला: जिन्यावर थांबतो, कठडा धरतो, वाकून हाताने चाचपतो, पायरी आहे. आठ दिवस रोज रात्री ते वाचले. नवव्या दिवशी मात्र वही उघडली तेव्हा लक्षात आले की आमच्या कोपऱ्यावरच्या झाकणाची देखभाल कोणत्या पदावरील अधिकाऱ्याकडे आहे हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलेलेच नाही, आणि पुढच्या कोऱ्या पानावर मी माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा लिहायला घेतला.